बाराव्या खेळाडूचा हिशेब

दिवाळी झाली आणि भातकापणी उरकली की डहाणू-तलासरीकडच्या गावांतून टेनिस चेंडूच्या क्रिकेट सामन्यांचे फलक लागू लागतात. पूर्वी गावाचा एक संघ असे आणि तो शेजारच्या गावाशी खेळे. आता पाड्यापाड्यांतल्या मुलांची नावं एकत्र नोंदवून घेतात आणि त्यांचा चक्क लिलाव करतात. शाळेच्या वर्गात बाकं मांडून संघमालक बसतात, पुढे एकजण नाव पुकारतो आणि बोली चढत जाते. बोली पैशांची नसते, पॉइंटची असते. २००८ मध्ये आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि गावोगावच्या पोरांना ही कल्पना मिळाली, असं आपण समजतो. पण तिचं मूळ आणखी लांब आहे.

अमेरिकेत बेसबॉलची खुळी माणसं फार. १९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड. फासे टाकायचे आणि कार्डावर त्याला काय जमतं ते पाहायचं. आपण वर्गात पाठीमागच्या बाकावर पुस्तकाची पानं उघडून क्रिकेट खेळलो, त्याचाच हा नीटनेटका थोरला भाऊ म्हणा. पुढे १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमणाऱ्या मित्रांबरोबर 'रॉटिसरी लीग' सुरू केली. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंवर बोली लावून कागदावरचा संघ बांधायचा. या खेळाचा रुळलेला नियम असा: तेवीस खेळाडू आणि खर्चाला २६० डॉलर. कमीत कमी बोली एक डॉलर. म्हणजे पहिल्या खेळाडूवर जास्तीत जास्त किती लावता येतील? २६० नव्हे. उरलेल्या बावीस जणांसाठी बावीस डॉलर मागे ठेवावेच लागतात, म्हणून २३८.

हे एक गणित आपल्या लिलावात कुणी सांगत नाही आणि त्यापायी काय होतं, ते मी स्वतः भोगलंय.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या स्पर्धेत लिलावाची वही माझ्याकडे होती. आठ संघ, प्रत्येकी बारा खेळाडू. एक 'आयकॉन' आयोजकांनी दिलेला, म्हणजे विकत घ्यायचे अकरा. संघाला दहा हजार पॉइंट आणि खेळाडूची बेस प्राइस तीनशे. एका मालकाने पहिल्या चार खेळाडूंवर ७,३०० उडवले. उरले २,७०० आणि जागा होत्या सात. आता एक घेतला की सहा उरणार. त्या सहांसाठी १,८०० राखायचे, म्हणजे पुढची बोली नऊशेच्या वर जाता कामा नये. त्याने एका डावखुऱ्या गोलंदाजासाठी दीड हजार लावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हातोडी आपटली. उरले बाराशे. त्यात चारच जण आले. संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, माझे तर दहाच झाले!" अकरा जणांच्या खेळात दहा. चूक त्याची थोडी आणि वहीवाल्याची, म्हणजे माझी, जास्त.

तेव्हापासून मी फळ्यावर प्रत्येक संघाच्या नावापुढे तीन आकडे लिहितो: शिल्लक पॉइंट, रिकाम्या जागा आणि कमाल बोली. शिल्लक पॉइंटमधून, रिकाम्या जागांपेक्षा एकने कमी जागांची बेस प्राइस वजा केली की कमाल बोली निघते. प्रत्येक खरेदीनंतर हे आकडे पुसून नवे घालायचे. पाचवीतला मुलगाही हे काम करतो.

दुसरी अडचण आपल्या भागाची खास आहे. तलासरीच्या पलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका. घर इकडे, कंपनी तिकडे, मामाचं गाव भलतीकडेच. आधार कार्डावरचा पत्ता पाहून 'बाहेरचा' ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलं. आयपीएलमध्ये संघात जास्तीत जास्त आठ परदेशी आणि मैदानात चार, असा दुहेरी आकडा असतो. गावानेही तसाच ठेवावा: संघात तीन बाहेरचे, खेळायला दोन. आणि 'बाहेरचा' म्हणजे कोण, हे नाव नोंदवण्याआधीच लिहून भिंतीवर लावावं. लिलावानंतर लावलेला नियम कुणाच्या तरी विरुद्ध केलेला वाटतो, मग तो कितीही न्याय्य असो.

तिसरी गोष्ट पाळीची. वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरांना प्रत्येक रविवार मोकळा मिळतोच असं नाही. मालक पॉइंट मोजून बसलेला आणि खेळाडू मशीनवर उभा! बेसबॉलवाल्यांनी यावर चांगली तोड काढलीय. त्यांच्या मोठ्या लीगमध्ये रोजच्या संघात सव्वीस जण आणि त्यामागे चाळीसची यादी. एखादा दुखावला तर त्याला जखमींच्या यादीत घालतात, फलंदाजाला किमान दहा दिवस आणि पिचरला पंधरा. तेवढ्या काळात त्याची जागा दुसऱ्याला मिळते. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा. नाहीतर आज दुखलं, उद्या बरं, असा सोयीचा खेळ सुरू होतो. संगणकावर हाच खेळ खेळणाऱ्यांची यादी नियमात बसेपर्यंत 'आउट ऑफ द पार्क'सारखा खेळ पुढचा दिवस उजाडूच देत नाही. आपल्याकडे पाळीवाल्याचं नाव शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं, तो त्या रविवारी पूर्ण बाद आणि त्याच्या जागी न विकलेल्यांतला एक, इतकं पुरे.

न विकलेले. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीच मी आज बोलतोय. नोंदणी एकशे दहा जणांची, जागा शहाण्णव. चौदा पोरं भर वर्गात स्वतःचं नाव ऐकतात, एकही हात वर होत नाही आणि पुकारणारा 'अनसोल्ड' म्हणून पुढे जातो. आयपीएलमध्ये ज्याला घेत नाहीत तो व्यावसायिक खेळाडू असतो. इथे तो शेजारी बसलेल्याचा चुलतभाऊ असतो आणि सोमवारी दोघं एकाच टेम्पोतून कामाला जातात. दोन वर्षं आम्ही असं करतो की संघ चौदा जणांचा ठेवायचा, पण लिलाव अकरांचाच. बाकीची नावं चिठ्ठ्या टाकून वाटायची, पॉइंट शून्य. आठ गुणिले चौदा एकशे बारा, म्हणजे एकशे दहांत कुणी उरत नाही. दोन संघांना एकेक कमी पडतो, तेवढंच. शिवाय साखळीत प्रत्येकाला किमान एक सामना खेळवायचा. एका मालकाने विचारलं, "आणि त्याच्यामुळे हरलो तर?" मी म्हटलं, "भाऊ, साखळीतला एक सामना आहे, फायनल नाही."

एक सांगून ठेवतो. पॉइंटच्या जागी पैसे आणू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तो घराघरांतले पगार बुडाल्यावर. आपला फळा खडूचाच बरा.