दगडगोट्यांचे कारंजे

दगडगोट्यांचे कारंजे हा घरगुती बागेतील कारंज्याचा एक प्रकार आहे. यात पाण्याचा साठा जमिनीखाली झाकलेला असतो आणि वर केवळ दगडांवरून वाहणारे पाणी दिसते. वर आलेले पाणी दगडावरून ओघळून गोट्यांच्या फटींतून पुन्हा टाकीत उतरते व पंपाने परत वर चढवले जाते. उघडे, साचलेले पाणी कोठेही नसल्यामुळे लहान मुले असलेल्या घरांत तळे किंवा हौद यांऐवजी ही रचना निवडली जाते. सुमारे अडीच फूट व्यासाचा खड्डा पुरत असल्याने ती छोट्या अंगणातही बसते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या वास्तूंमध्ये पाणी खेळवण्याची परंपरा उघड्या हौदांची आहे. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने आणलेले पाणी पुण्यातील हौदांत सोडले जाई. शनिवारवाड्यातील कमळाकृती हजारी कारंजे प्रसिद्ध आहे. ही कारंजी उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालत. तेच ते पाणी फिरवत ठेवणारे छोटे विजेचे पंप घरोघरी परवडू लागल्यावर साठा दृष्टीआड करणे सोपे झाले. जपानी बागांतील सुइकिंकुत्सु या रचनेत जमिनीत पालथ्या पुरलेल्या रांजणात पाणी ठिबकते आणि त्याचा केवळ नाद वर येतो. पाण्याचा आनंद घ्यायला पाणी साठलेले दिसावेच लागते असे नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

उथळ पाण्याचा धोका

‘पाणी घोटाभरच आहे, त्यात मूल कसे बुडेल?’ हा समज सार्वत्रिक आणि चुकीचा आहे. चालू लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. वाकून पाहताना तोल गेला की ते डोक्यावर पडते आणि हातांच्या बळावर स्वतःला वर उचलू शकत नाही. नाक व तोंड बुडण्यास काही सेंटिमीटर पाणी पुरते. अर्धी भरलेली बादलीही याच कारणाने घातक ठरते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीतील माणसालाही पत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बुडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १ ते ४ वर्षे वयोगटात सर्वाधिक आहे.

रचना

खड्ड्याच्या तळाशी मुरूम व वाळू दाबून त्यावर प्लास्टिकची टाकी पाणसळ लावून बसवतात. काळ्या मातीत ही काळजी विशेष घ्यावी लागते, कारण ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे टाकी कलते. कोकणात अडचण वेगळी असते. भर पावसात भूजल वर आले असता रिकामी टाकी खड्ड्यातून उचलली जाते, म्हणून ती पावसाळ्यात भरलेली ठेवतात आणि जादा पाण्यासाठी काठाखाली निचऱ्याची नळी देतात.

टाकीच्या तोंडावर जस्ताचा मुलामा दिलेली जाड लोखंडी जाळी बसवतात. तिच्यावर प्रौढ माणूस उभा राहिला तरी ती वाकता कामा नये, आणि ती टाकीच्या काठाबाहेर चहूबाजूंनी टेकलेली असावी. जाळीवर बारीक प्लास्टिकची जाळी अंथरून मग गोटे रचतात. गोटे मुलाच्या मुठीपेक्षा मोठे असावेत; लहान खडे मुले तोंडात घालतात व ते घशात अडकतात.

मधला दगड पाथरवटाकडून भोक पाडून घेता येतो. जुन्या जात्याची वरची तळीही चांगली शोभते. दाणे टाकण्यासाठी तिला मधोमध तोंड असतेच. लाकडी खुंटा मात्र काढावा लागतो, कारण तो ओलाव्याने कुजतो. धारेची उंची टाकीच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी ठेवतात. त्याहून उंच धार वाऱ्याने बाहेर उडते, टाकी आटते आणि कोरडा चाललेला पंप जळतो.

वीज

पाणी आणि वीज एकत्र आल्याने हा धोका बुडण्याच्या धोक्याइतकाच गंभीर आहे. २३० व्होल्टऐवजी १२ किंवा २४ व्होल्टचा पंप वापरणे व त्याचा ट्रान्सफॉर्मर घरात कोरड्या जागी ठेवणे श्रेयस्कर असते. जोडणीवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असावे. घरोघरी असलेले एमसीबी तारांचे रक्षण करते, विजेच्या धक्क्यापासून माणसाचे नाही. या दोहोंत नेहमी गल्लत होते.

डास व देखभाल

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवामानात आठ-दहा दिवसांत त्यांपासून पूर्ण डास तयार होतो. गोट्यांच्या फटी त्याला अडवत नाहीत. पंप रोज चालू असला तर हालत्या पाण्यात त्याची वाढ खुंटते. परंतु घर बंद करून गावी जाताना टाकी उपसणे आवश्यक असते. उपसलेले पाणी झाडांना घालता येते. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने दगडावर पांढरा थर चढतो, तर सावलीत शेवाळ वाढून कडेची फरशी घसरडी होते. भोवती नेचे किंवा लिली लावतात. कण्हेर मात्र टाळतात, कारण तिचे सर्व भाग विषारी आहेत.

मर्यादा

या रचनेची सुरक्षितता संपूर्णपणे जाळीवर अवलंबून आहे. बांधकाम चालू असताना आणि साफसफाईसाठी जाळी काढली असताना हे कारंजे उघड्या हौदापेक्षा अधिक धोकादायक असते, कारण घरातील मुलांना त्या जागी निर्धास्तपणे खेळण्याची सवय झालेली असते. म्हणून टाकी भरण्यापूर्वी जाळी बसवली जाते, सफाईच्या वेळी मुलांना घरात ठेवले जाते, आणि गंज धरला आहे का हे पाहण्यासाठी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, गोटे बाजूला करून जाळी तपासली जाते.