जोडणी की शोध?

कॅमेरा होता, रेकॉर्डरही होता. दोन्ही एका खोक्यात बसवण्यात शोध कसला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये केएसआर या पेटंटच्या खटल्यात म्हटलं, की ओळखीचे भाग जोडून अपेक्षितच फळ मिळत असेल, तर ते बहुधा उघडच, म्हणजे पेटंटला अपात्र. मात्र हे त्या काळच्या सामान्य जाणकार तंत्रज्ञाच्या नजरेने ठरवायचं. आजच्या फोनकडे पाहून नव्हे.

1983 च्या सोनी बीटामूव्ही या कॅमेरा-रेकॉर्डरमध्ये सगळं एका खोक्यात मावावं म्हणून टेपवर चित्र नोंदवणारा ड्रम लहान करावा लागला. तरीही टेप घरच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरवर चालायला हवी होती, म्हणून कॅमेऱ्याच्या संकेतांचं वेळापत्रकच बदललं. परिणामी चित्रण व्हायचं, पण त्याच यंत्रावर ते पाहता येत नसे. माझ्या मते एकत्र करण्याची कल्पना उघड होती; पेटंटचा विचार व्हावा तो वेळापत्रक बदलण्याच्या युक्तीसाठी.