घोड्यावरून हज : 35 वर्षे जपलेली एक मन्नत

2025 चा मे महिना. शाळेला सुट्टी होती आणि दुपारचे जेवण उरकून आम्ही सगळे ओटीवर बसलो होतो. माझा आठवीतला मुलगा मोबाइल घेऊन धावत आला. पडद्यावर तीन घोडेस्वार दिसत होते. अंगात जाड कपडे, चेहरे उन्हाने रापलेले, मागे वाळवंटी रस्ता. "अम्मी, हे लोक स्पेनहून घोड्यावर बसून हजला निघालेत. विमान असताना घोड्यावर कशाला?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या सासूबाईंनी, ज्यांना घरात सगळे अम्माजी म्हणतात, मान वर न करता उत्तर दिले, "मन्नत मानली असेल कोणीतरी."

मी बातमी शोधून वाचली. अम्माजींचे म्हणणे अगदी खरे होते.

परीक्षेच्या वेळी दिलेला शब्द

या काफिल्याचे प्रमुख अब्दल्लाह हर्नांडेझ हे स्पॅनिश गृहस्थ जन्माने मुसलमान नाहीत. सुमारे 35 वर्षांपूर्वी, ऐन तारुण्यात, ते इतिहास-भूगोलाच्या परीक्षेची तयारी करत होते. त्या काळात त्यांनी अल्लाहजवळ शब्द दिला की, परीक्षेत यश मिळाले तर मी इस्लाम स्वीकारीन आणि माझे अंदलूसी पूर्वज जात तसा घोड्यावरून हजला जाईन. परीक्षा पार पडली. त्यांनी इस्लामही स्वीकारला. शब्दाचा दुसरा भाग तेवढा राहून गेला.

शिक्षिका म्हणून मला या गोष्टीची गंमत वाटली आणि थोडी शरमही. मार्च महिन्यात आमच्या शाळेत किती मन्नती मानल्या जातात! "पास झालो तर पाच वेळची नमाज चुकवणार नाही," असे म्हणणारी मुले मी दरवर्षी पाहते. निकाल लागला की जूनपर्यंत सगळे विसरून जातात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, आपण मोठी माणसेही तेच करतो. मन्नत मानणे सोपे असते. कठीण असते ते नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते या सगळ्यांमधून ती 35 वर्षे जपून ठेवणे.

हर्नांडेझ यांना अब्दुलकादिर हरकासी आणि तारिक रॉड्रिगेझ हे दोन सोबती मिळाले. काही वर्षे त्यांनी लांबच्या पल्ल्यासाठी घोडे तयार केले, स्वतःचीही तयारी केली. ऑक्टोबर 2024 मध्ये दक्षिण स्पेनमधील अल्मोनास्तेर ला रेआल या गावातून ते निघाले. या गावाच्या टेकडीवर हजार वर्षांहून जुनी एक लहानशी मशीद आहे. पुढे तिचे चर्च झाले, पण मेहराब आणि कमानी टिकून राहिल्या. ज्या भूमीवर शेकडो मशिदी होत्या, तिथे खेड्यातली एवढी जुनी मशीद शिल्लक असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तिथूनच प्रवास सुरू करण्यामागचा हेतू उघड आहे.

बंद पडलेली वाट

अंदलूस म्हणजे मुस्लिम स्पेन. तिथून मक्केला जाणे त्या काळी वर्षा-दोन वर्षांचे काम असे. या वाटेवरचा सर्वांत प्रसिद्ध हाजी म्हणजे इब्न जुबैर. तो ग्रनाडाच्या सुभेदाराचा चिटणीस होता. असे सांगतात की, सुभेदाराने एकदा त्याला जबरदस्तीने दारूचे सात प्याले पाजले आणि नंतर पश्चात्ताप होऊन तेच प्याले सात वेळा सोन्याच्या दिनारांनी भरून दिले. त्या पैशातून आपल्या गुनाहाचे प्रायश्चित्त म्हणून इब्न जुबैर 1183 मध्ये हजला निघाला. सेउताहून जहाजाने अलेक्झांड्रिया, मग नाईल नदीतून वर, पुढे वाळवंट ओलांडून तांबडा समुद्र आणि जिद्दा. तो 1185 मध्ये घरी परतला. त्याने लिहून ठेवलेले प्रवासवर्णन आजही इतिहासकारांना उपयोगी पडते.

दुसरे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. उमर पातून हा आव्हिला शहरातला मुसलमान. तो ख्रिस्ती राजवटीत राहत होता. 1491 मध्ये तो हजला निघाला आणि 1495 मध्ये परतला. तो वाटेवर असतानाच, जानेवारी 1492 मध्ये, ग्रनाडा पडले आणि स्पेनमधील शेवटचे मुस्लिम राज्य संपले. घर सोडताना एक जग होते, परतला तेव्हा दुसरेच! पुढे 1502 मध्ये कास्तीलच्या मुसलमानांपुढे धर्म बदला किंवा देश सोडा असा हुकूम आला. 1609 ते 1614 या काळात तर ज्यांनी धर्म बदलला होता त्यांच्या वंशजांनाही देशाबाहेर काढण्यात आले. हाजीच उरले नाहीत, तिथे हजची वाट कशी उरणार?

पाचशे वर्षांनी तीन माणसे आणि काही घोडे त्या वाटेची आठवण जागी करतात, ती या पार्श्वभूमीवर. त्यात सूड नव्हता, घोषणा नव्हत्या. फ्रान्स आणि इटलीतून ते साध्या वाटसरूंसारखे पुढे गेले.

मुक्या जनावराचा हिशोब

आकडे ऐकून माझ्या मुलाला मजा वाटली, म्हणून आम्ही वहीत हिशोबच मांडला. प्रवासाचे एकूण अंतर बातम्यांमध्ये साडेसहा ते आठ हजार किलोमीटर असे दिले आहे. वेळ लागला सुमारे सात महिने. म्हणजे दिवसाला 30 ते 40 किलोमीटर. घोडा सावकाश चालीने तासाला साधारण 6 किलोमीटर जातो. म्हणजे रोज पाच ते सात तास खोगिरावर. आपण एस.टी.त चार तास बसलो तरी पाय आखडतात!

आणि हा हिशोब फक्त माणसाचा झाला. घोड्याला दिवसाला 30 ते 40 लिटर पाणी लागते. आठ-दहा किलो चारा, शिवाय चंदी लागते. कडक रस्त्यावर नाल लवकर झिजतात, दीड-दोन महिन्यांनी नालबंद शोधून ते बदलावे लागतात. खोगीर जरा सरकले तरी पाठीला जखम होते आणि जखम झाली की काफिला थांबतो. वर प्रत्येक देशाच्या सीमेवर घोड्यांच्या आरोग्याचे कागद दाखवायचे. सोबत सामानासाठी एक गाडी होती, तरी रोज संध्याकाळी पहिला प्रश्न एकच असणार, घोड्यांना आज कुठे बांधायचे?

इथे मला आमची माथेरानची सहल आठवली. दस्तुरी नाक्यावर मुलाला घोड्यावर बसवले होते. तो लगाम ओढून घोड्याला पळवायला बघत होता. एका उतारावर घोडेवाले चाचा थांबले. म्हणाले, "बाळा, उतर आता. उतारावर त्याच्या गुडघ्यावर भार येतो. तू चाल थोडं, त्यालाही मोकळं चालू दे." मुलगा हिरमुसला. "पैसे दिलेत ना आपण," असे माझ्या कानात कुजबुजला. तेव्हा मी त्याला गप्प केले, पण समजावले नाही.

या वेळी समजावले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्याच्या आयाळीत कयामतपर्यंत भलाई बांधलेली आहे असे सांगितले. पवित्र कुरआनात धावत्या घोड्यांच्या शपथेने सुरू होणारी अल-आदियात नावाची सूरह आहे. आणि त्याच प्रेषितांनी उपाशी ठेवलेल्या, थकवलेल्या जनावराबद्दल त्याच्या मालकाला जाब विचारला. जनावराच्या पाठीवर उगाच बसून गप्पा मारू नका, असेही बजावले. भाडे दिले म्हणून जनावराचा जीव आपल्या मालकीचा होत नाही. लांब पल्ल्याचा स्वार घोड्यावरून उतरून त्याच्या बरोबरीने चालतो, तो त्यामुळेच.

पैसे संपले, माणसे भेटली

या मंडळींकडे मोठे भांडवल नव्हते. युरोप ओलांडण्याआधीच पैशांची चणचण झाली. मग ठिकठिकाणचे लोक पुढे आले. कोणी जेवण दिले, कोणी पैसे, कोणी घोड्यांसाठी जागा. बोस्नियात तर त्यांचे स्वागत घरच्यासारखे झाले. ज्या देशाने 1990 च्या दशकात एवढा संहार पाहिला, तिथल्या लोकांनी परक्या वाटसरूंसाठी दारे उघडली. रमजानही वाटेतच आला.

सर्वांत अनिश्चित होता सीरियाचा टप्पा. ते घरून निघाले तेव्हा तिथे असद यांची राजवट होती. डिसेंबर 2024 मध्ये ती कोसळली आणि स्वार तिथे पोहोचेपर्यंत देशाचे चित्रच बदलले होते. त्या उजाड मुलखात त्यांना जुन्या रेल्वेचे रूळ सापडले आणि कित्येक दिवस ते रुळांच्या कडेकडेने चालत राहिले. ही हिजाझ रेल्वे. सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्या काळात 1900 मध्ये तिचे काम सुरू झाले आणि 1908 मध्ये ती दमास्कसहून मदीनेपर्यंत पोहोचली. तिच्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी चंदा दिला होता, त्यात हिंदुस्थानातलेही होते. पहिल्या महायुद्धात ती मोडली. पण शंभर वर्षांनंतरही त्या रुळांनी हजच्या वाटसरूंना दिशा दाखवली!

जॉर्डनमार्गे मे 2025 मध्ये ते सौदी अरेबियाच्या हद्दीत पोहोचले आणि त्या वर्षीच्या हजमध्ये सामील झाले. 5 जूनला अरफातच्या मैदानात लाखो हाजी उभे होते. त्यांत 35 वर्षांपूर्वीचा तो परीक्षार्थीही होता.

मग विमानाने जाणे कमी प्रतीचे का?

मुलाचा मूळ प्रश्न अजून बाकी होता. उलट त्याने तो फिरवून विचारला, "म्हणजे घोड्यावर गेलं तर सवाब जास्त मिळतो?"

मी त्याला हदीसमधला एक प्रसंग सांगितला. एक म्हातारे गृहस्थ आपल्या दोन मुलांच्या आधाराने, कसेबसे पाय ओढत चालले होते. प्रेषितांनी (स.) चौकशी केली. कळले की त्यांनी काबागृहापर्यंत पायी जाण्याची मन्नत मानली आहे. प्रेषित म्हणाले की, या माणसाने स्वतःला यातना द्याव्यात याची अल्लाहला काही गरज नाही. आणि त्यांना वाहनावर बसण्याचा हुकूम दिला.

म्हणजे कष्टासाठी कष्ट हा आपला दीन नाही. ज्याच्याजवळ खर्च आणि ताकद आहे त्याच्यावर हज फर्ज आहे. तो विमानाने जावो की जहाजाने. स्पेनच्या स्वारांचे मोठेपण त्यांच्या वाहनात नाही, शब्द पाळण्यात आहे. आणि तो पाळताना त्यांनी जनावरांना छळले नाही, स्वतःला मोडून घेतले नाही, तयारीला वर्षे दिली.

तरी संथ वाटेला स्वतःचे काही देणे असतेच. याच स्पेनमध्ये ख्रिस्ती लोकांची सांतियागोची यात्रा आहे. तिथे आजही काही लोक घोड्यावर यात्रा करतात. शेवटचे किमान 100 किलोमीटर पायी किंवा घोड्यावरून पार केले तर यात्रेचे प्रमाणपत्र मिळते. मोटारीने येणाऱ्याला ते मिळत नाही. 997 मध्ये अंदलूसच्या अल-मन्सूरने याच सांतियागोवर स्वारी करून तिथल्या घंटा कुर्तुब्याला नेल्या होत्या. 1236 मध्ये कुर्तुबा जिंकल्यावर ख्रिस्ती राजाने त्या परत पाठवल्या. त्या जुन्या लढाया आता पुस्तकात राहिल्या. थकलेल्या वाटसरूला पाणी द्यावे, ही गोष्ट मात्र दोन्हीकडच्या लोकांनी जपली.

माझे दादा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. निघण्याआधी महिनाभर ते गावात घरोघरी जाऊन माफी मागत होते, उधारी फेडत होते, भावाशी असलेला बांधाचा वाद त्यांनी स्वतः कमी जमीन घेऊन मिटवला. जहाजावरचे दिवस दुआ आणि तिलावतीत गेले. 1995 नंतर मुंबईची ती जहाजे बंद झाली. आज आपण काही तासांत जिद्द्याला उतरतो. वाट छोटी झाली, तेव्हा मनाची तयारी घरीच करून निघायला हवी, एवढाच त्याचा अर्थ.

अम्माजींचा प्रश्न

हे सगळे बोलणे चालू असताना अम्माजी गप्प होत्या. तांदूळ निवडून झाले होते, तरी सूप त्यांच्या मांडीवरच होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "किती वर्षं म्हणालीस? पस्तीस?"

मला कळायचे ते कळले. सासऱ्यांनी दोघांच्या हजसाठी दोनदा पैसे साठवले होते. पहिल्या वेळी ते नणंदेच्या लग्नात गेले, दुसऱ्या वेळी त्यांच्याच आजारपणात. ते गेल्यानंतर अम्माजींनी हजचा विषय कधी काढला नाही. आम्हीही काढला नाही. कधी घराचे काम, कधी मुलाची फी, आणि "पुढच्या वर्षी इन्शाअल्लाह" हे शब्द आमच्या घरात एखाद्या सवयीसारखे झाले. इन्शाअल्लाह म्हणजे टाळाटाळ नव्हे, हे मी वर्गात मुलांना शिकवते. घरात मात्र मी तेच करत होते.

त्या रात्री मी आणि माझ्या मिस्टरांनी कपाटातून कागद काढले. अम्माजींचा पासपोर्टच नव्हता. शाळा सुरू होण्याआधी त्यासाठी अर्ज केला. हज कमिटीकडे ज्येष्ठांना सोबत्यासह प्राधान्य असते, त्याचीही चौकशी केली. नवीन स्वयंपाकघराचा बेत पुढे ढकलला.

पासपोर्ट आला त्या दिवशी अम्माजींनी तो उघडून आपला फोटो बराच वेळ पाहिला. मग उशीखाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्या फजरनंतर गल्लीत फेऱ्या मारतात. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, आता पार मशिदीपर्यंत. माझा मुलगा त्यांच्यासोबत जातो. परवा येताना म्हणाला, "अम्मी, दादी आता मला थांबायलाच देत नाही."

वाचक भगिनींनो, आपल्याही घरात अशी एखादी राहून गेलेली नियत असेल. आज रात्री दस्तरखानावर ती कोणाची आहे, एवढे तरी विचारून पाहा. अल्लाह तआला आपणा सर्वांना दिलेला शब्द पाळण्याची तौफीक देवो आणि ज्यांच्या मनात त्याच्या घराची ओढ आहे त्यांची वाट सोपी करो. आमीन.