जिवाणू खतातील जिवाणूंची मोजणी

सोयाबीन, तूर, हरभरा इत्यादी द्विदल पिकांच्या बियाण्यास रायझोबियम जिवाणू चोळण्याची पद्धत आता सर्वपरिचित आहे. हे जिवाणू मुळांवर गाठी निर्माण करतात व हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. परंतु हे कार्य केवळ जिवंत जिवाणूच करू शकतात. खत नियंत्रण आदेश, १९८५ याच्या कक्षेत जिवाणू खते २००६ साली आणण्यात आली. त्यानुसार रायझोबियमच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी व द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. डोळ्यांस न दिसणारे हे जीव मोजतात तरी कसे, हे कार्यकर्त्यांस ठाऊक असणे इष्ट होय.

गढूळपणावरून अंदाज

जिवाणू प्रथम पोषक द्रवात वाढवितात. त्यांची संख्या वाढते तसतसा द्रव गढूळ होतो. प्रकाशमापक यंत्रात या द्रवातून साधारणतः ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतात व किती प्रकाश पार झाला ते पाहतात. दहावा हिस्सा पार झाल्यास प्रकाशीय घनता १, शंभरावा हिस्सा पार झाल्यास २ समजतात. द्रवाचा स्वतःचा रंग मोजणीत येऊ नये म्हणून जिवाणूविरहित द्रव ठेवून यंत्र आधी शून्यावर आणतात.

द्रव विरळ असेपर्यंत घनता जिवाणूंच्या प्रमाणात वाढते. दाटी झाली म्हणजे विखुरलेला प्रकाश पुन्हा विखुरला जाऊन त्यातील काही मापकाकडे वळतो व आकडा वास्तविकापेक्षा कमी दिसतो. यास्तव घनता ०.४ च्या वर गेल्यास नमुना विरळ करून मोजणे योग्य.

घनतेचे संख्येत रूपांतर

यंत्र संख्या सांगत नाही. ती एकदा प्रत्यक्ष मोजून ताडावी लागते. उदाहरणार्थ, ०.४ घनतेचा नमुना १० लाख पट विरळ करून त्याचा ०.१ मिलिलिटर भाग पोषक थरावर पसरला. काही दिवसांनी ४० ठिपके उमटले. प्रत्येक ठिपका एका जिवंत जिवाणूपासून झाला असे मानून ४० × १० × १० लाख, म्हणजे मिलिलिटरला ४० कोटी जिवाणू ठरतात. पुढे त्याच जातीचा द्रव दहा पट विरळ करून घनता ०.३ आली, तर मूळ द्रवात सुमारे ३०० कोटी जिवाणू असावेत. हे कोष्टक दुसऱ्या जातीस लागू पडत नाही, कारण जिवाणूंचा आकार व चिकटपणा निरनिराळा असतो.

या पद्धतीची मर्यादा

मेलेला जिवाणूही प्रकाश अडवितो. म्हणून गढूळपणावरून काही मिनिटांत वाढीचा अंदाज येतो, परंतु जिवंतपणाची ग्वाही मिळत नाही. शिवाय द्रव लिग्नाइटच्या काळ्या भुकटीत मिसळल्यावर त्यातून प्रकाश पारच होत नाही. तेथे ठिपके मोजण्यावाचून गत्यंतर नाही. सोयाबीनचे जिवाणू सावकाश वाढत असल्याने त्यास आठवडाही लागतो.

आपण घ्यावयाची काळजी

कारखान्यातून निघताना पाकिटात कोट्यवधी जिवाणू असले, तरी उन्हात किंवा पत्र्याखाली पाकीट तापल्यास ते मरतात. भुकटीच्या रंगावरून वा वासावरून हे कळत नाही. पिकाच्या मुळांवर गाठी कमी दिसतात तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो. म्हणून :

१. पिकाचे नाव व अंतिम तारीख पाहूनच पाकीट घ्यावे.
२. ते सावलीत, थंड जागी ठेवावे. रासायनिक खते व औषधे यांच्याजवळ ठेवू नये.
३. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास आधी लावून, जिवाणू खत शेवटी चोळावे.
४. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.

प्रयोगशाळेने मोजलेली संख्या शेतापर्यंत जिवंत पोहोचविणे हे विक्रेता, कार्यकर्ता व शेतकरी या तिघांचे काम आहे.