रस्ता आणि राबता

बोरीबंदरहून ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी गेली, ही गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या गाडीचे पैसे कोणी दिले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. श्रोतेहो, सरकारने दळणवळणात पैसा घातला म्हणजे देशाची संपत्ती वाढते काय, या प्रश्नाचा विचार करताना तेथूनच आरंभ केलेला बरा.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही खासगी कंपनी होती. तिचे भागधारक मुख्यतः विलायतेत. १८४९ च्या करारान्वये जमीन सरकारने फुकट द्यावयाची आणि भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी घ्यावयाची, असे ठरले. कंपनीस तेवढा नफा झाला नाही, तर तूट भरावयाची हिंदुस्थानच्या तिजोरीने, म्हणजे अखेर येथल्या रयतेने. नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशी व्यवस्था असली की काटकसरीची इच्छा कोणास होणार? खर्च अफाट झाला. अखेर १८६९ नंतर सरकारने काही काळ स्वतःच लोहमार्ग बांधावयास घेतले.

एवढे असूनही लोहमार्ग फुकट गेले असे म्हणता येत नाही. बैलांच्या पाठीवरून वऱ्हाडचा कापूस मुंबईस येई, तेव्हा वाटेतल्या धुळीने आणि पावसाने त्याची काय दशा होत असेल याची कल्पना करावी. डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटिश अमदानीतील जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे तपासले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाप्रमाणे, लोहमार्ग पोहोचलेल्या जिल्ह्यात शेतीचे वास्तव उत्पन्न सरासरीने सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. एका ठिकाणची विपुलता दुसऱ्या ठिकाणच्या टंचाईस भेटू लागली, हे त्याचे कारण.

पण ‘सरासरी’ हा शब्द मोठा फसवा आहे. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळात वाटाच नव्हत्या, म्हणून धान्य वेळेवर पोहोचले नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये आगगाडी होती, धान्यही येत होते. तरी लाखो माणसे मेली. शेतमजुराची मजुरी बुडाली होती आणि धान्याचे भाव चढले होते. स्थानकावर पडलेली पोती त्याच्या काय उपयोगाची? वाहतूक माल आणते, तो विकत घेण्याची ऐपत आणीत नाही.

आपल्या काळातले उदाहरण याहून बोलके आहे. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशातील ५०० आणि डोंगराळ भागातील २५० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावांना बारमाही रस्ता द्यावयाचा, असा तिचा संकल्प. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांनी तिच्या परिणामांची छाननी करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. रस्ता झाल्यावर अनेक मजूर शेती सोडून बाहेरच्या कामास जाऊ लागले. परंतु गावातील पीकपाणी, उत्पन्न व मालमत्ता यांत सुमारे चार वर्षांनीही म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मग रस्ते कशास बांधावे? मला तसे वाटत नाही. बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोहोचली, तर ते पिकाच्या आकड्यात दिसत नाही. शिवाय कामासाठी बाहेर पडण्याची मोकळीक हाही लहान लाभ नव्हे. परंतु रस्ता झाला की कारखाना, बाजार, पतपुरवठा आपोआप मागून येतील, हा जो भाबडा हिशेब आम्ही सरकारी माणसे कागदावर मांडतो, तो सोडला पाहिजे. आमच्या अहवालात किलोमीटर मोजले जातात. त्यांवरून कोण गेले, याचा रकाना क्वचितच असतो.

आणि देखभालीचे काय? या योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पहिल्या ५ वर्षांच्या देखभालीचे बंधन घातलेले आहे. तरतूद शहाणपणाची खरी. पण ती देखभाल राज्याच्या पैशातून व्हावयाची, आणि उद्घाटनाची फीत कापावयास जी गर्दी लोटते, ती मोरी साफ करण्याच्या मंजुरीस लोटत नाही. सहाव्या पावसाळ्यात मोरी तुंबून भराव खचला, की एस.टी. पुन्हा फाट्यावरच थांबते आणि उरलेली वाट लोक पायी चालतात.