सुई की गोळी? त्वचेसाठी जीवनसत्त्वे घेण्याआधी

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. गेल्या काही वर्षांपासून खरेदीच्या यादीत शालू, दागिने यांच्या जोडीला एक नवी गोष्ट आली आहे, ती म्हणजे नवरीसाठी ‘ग्लो ड्रिप’. ब्यूटी पार्लरशेजारच्या क्लिनिकमध्ये जाऊन सलाईनमधून व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथायोन घ्यायचे, आठवड्याला एक अशा सहा-आठ बैठका करायच्या, आणि त्वचा उजळते असे सांगितले जाते. इंदुरातल्या आपल्या कुटुंबांतूनही याची चौकशी होते, म्हणून हा विषय जरा नीट मांडत आहोत.

आधी व्हिटॅमिन सी पाहू. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन नावाचे प्रथिन तयार होताना या जीवनसत्त्वाची गरज लागते. ते अजिबात मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत. यालाच स्कर्व्ही म्हणतात. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १७४७ मध्ये संत्री-लिंबे देऊन खलाशी बरे केले ते याच रोगातून. तेव्हा त्वचेला व्हिटॅमिन सी लागते हे खरेच आहे. प्रश्न आहे तो किती लागते याचा.

आपल्या आतड्यात हे जीवनसत्त्व आत घेणारी दारे मोजकी असतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सात निरोगी तरुणांवर केलेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०० मिलिग्रॅमचा डोस जवळजवळ पूर्ण शोषला गेला. ५०० मिलिग्रॅम आणि त्यापुढे शोषण कमी होत गेले, आणि जे शोषले गेले त्यातलेही बरेचसे लघवीवाटे बाहेर पडले. सुई लावणारे नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवतात: ‘गोळी वाया जाते, सुईचे थेट रक्तात जाते.’ रक्तात जाते हे बरोबर. पण पुढचे ते सांगत नाहीत. रक्तातली पातळी वाढली की मूत्रपिंड जादा माल काही तासांत बाहेर टाकते, आणि पेशी आपल्या गरजेपुरतेच घेतात. भरलेल्या रांजणावर घागर ओतली काय आणि बादली ओतली काय, पाणी अंगणातच जाणार.

भारतीय स्त्रीसाठी रोजची शिफारस ६५ मिलिग्रॅम आहे, पुरुषासाठी ८०. आपल्या ठेल्यावर मिळणारा जाम, म्हणजे महाराष्ट्रातला पेरू, १०० ग्रॅम खाल्ला तर त्यात २०० मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी मिळते. पोह्यांवर पिळलेल्या अर्ध्या लिंबातून आठ-दहा मिलिग्रॅम येते, तेही पोहे गॅसवरून उतरवल्यावर पिळले तर, कारण उष्णतेने ते नष्ट होते. कार्तिकातल्या आवळी भोजनाची प्रथा ज्यांनी घातली त्यांना मिलिग्रॅम ठाऊक नव्हते, पण हंगाम बरोबर साधला होता. (मोरावळा चवीला उत्तम, मात्र इतका वेळ पाकात शिजल्यावर ताज्या आवळ्याची बरोबरी तो करत नाही.)

आता ग्लुटाथायोन. हे जीवनसत्त्व नव्हेच. तीन अमिनो आम्लांपासून शरीर ते स्वतः तयार करते. मेलॅनिन या रंगद्रव्याच्या घडणीत ते अडथळा आणते, म्हणून ते रंग उजळण्यासाठी विकले जाते. शिरेतून दिलेले ग्लुटाथायोन रक्तातून फार लवकर कमी होते, त्यामुळे बैठकांमागून बैठका सांगितल्या जातात, आणि थांबल्यावर रंग मूळपदावर येतो. त्वचा उजळण्यासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने असे एकही इंजेक्शन मंजूर केलेले नाही. फिलिपिन्समध्ये हे वेड आपल्याआधी पसरले. तिथल्या नियामकाने २०११ मध्येच जाहीर इशारा दिला होता, आणि त्यात यकृत, मूत्रपिंड व मज्जासंस्थेवरील दुष्परिणाम, तसेच त्वचा सोलून निघणाऱ्या गंभीर विकाराचाही उल्लेख होता. सोबत मोठ्या मात्रेत दिलेल्या व्हिटॅमिन सीमुळे काहींना मूत्रपिंडाचे खडे होऊ शकतात. ज्यांच्यात जी-६-पी-डी या घटकाची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ही कमतरता आपल्यात आहे हे अनेकांना माहीतच नसते. ड्रिप लावण्याआधी ती तपासणी केली जाते का, एवढा एक प्रश्न क्लिनिकमध्ये विचारून पाहा.

यात केवळ वैद्यकशास्त्र नाही, हेही बोलले पाहिजे. परिचयपत्रिकेत ‘वर्ण: गोरा, निमगोरा, गव्हाळ’ असा रकाना असतो, मुलाकडचे तो आधी वाचतात, आणि मग निरोगी मुलगी शिरेत सुई घेते. आमच्या मते पत्रिकेतून तो रकाना काढणे हे कोणत्याही इंजेक्शनपेक्षा स्वस्त आहे.

सुई सर्वत्र वाईट, असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. बी-१२ची गोष्ट अगदी उलट आहे. बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा आला की घरात तो मळ समजून उटण्याने घासला जातो, पण ते बी-१२च्या कमतरतेचे लक्षण असू शकते. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज पदार्थांत मिळते, त्यामुळे शाकाहारी घरांत दूध-दही कमी पडले की ते घटते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि दीर्घकाळ घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या यांनीही घटते. त्याच्या शोषणासाठी जठरात तयार होणारे एक प्रथिन लागते. ते ठीक असेल तर गोळी पुरते. ते नसले तरी मोठ्या डोसचा साधारण एक टक्का आपोआप झिरपतो, म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहा. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे, तेव्हा अनेकांना तेवढ्यावर भागते. पण हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा वाढणे अशी लक्षणे असतील, किंवा जठराचे वा आतड्याचे ऑपरेशन झालेले असेल, तर डॉक्टर सुई सांगतात आणि ती टाळू नये. उशीर झाल्यास नसांचे नुकसान पूर्ण भरून निघत नाही. आजीने ‘वयामुळे मुंग्या येतात’ म्हटले तरी एकदा तपासणी करून घ्यावी. उगाच घेतलेल्या बी-१२ने मात्र काहींच्या चेहऱ्यावर मुरमे येतात, म्हणजे त्वचेसाठी केले आणि त्वचेवरच आले!

व्हिटॅमिन डी आणि ए चरबीत विरघळणारी आहेत. ती सी सारखी वाहून जात नाहीत, शरीरात साठतात. डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. ती रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा आणि पुढे मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो. एकदम सहा लाख युनिटचे इंजेक्शन स्वतःच्या मनाने घेणे तर नकोच. नवविवाहितांनी ‘ए’च्या जादा मात्रेच्या गोळ्यांपासून दूर राहावे. गर्भाला त्याने अपाय होतो.

केस, नखे, त्वचा यांसाठी मिळणाऱ्या गोड गोळ्यांत बहुधा बायोटिन असते, गरजेच्या शंभर-दोनशे पट. ते सहसा त्रास देत नाही, पण रक्ताच्या काही चाचण्यांत गफलत करते. थायरॉईडचा अहवाल चुकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहिली जाणारी ट्रोपोनिनची पातळी खोटी कमी दिसू शकते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने याबद्दल सावध केले. म्हणून रक्त द्यायला जाताना अशा गोळ्यांची बाटली सोबत न्यावी, आणि चाचणीआधी ती किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टरांना विचारावे.