माप कोणाच्या हातीं असावें ?

शेतकऱ्याचा सारा वर्षाचा धंदा शेवटीं दोन मापांवर येऊन ठरतो : जमीन किती, आणि तींत पिकलेलें धान्य किती. हीं दोन्ही मापें दुसऱ्याच्या हातीं असलीं, तर नांगरट, लावणी व राखण यांत वेंचलेल्या श्रमांचें मोल दुसराच ठरवितो. म्हणून वजनामापांची कथा ही केवळ पंडितांची नव्हे. पनवेलसारख्या भातपिकाच्या तालुक्यांतील प्रत्येक खातेदाराच्या पदराशीं ती बांधलेली आहे.

पूर्वीं आपल्याकडे धान्य तोलीत नसत, मापीत. निळवें, कोळवें, चिपटें, मापटें, शेर, अधोली व पायली अशी दुपटीदुपटीनें चढणारी ही माळ होती. तिच्यापुढें मण आणि खंडी. नांवें सर्वत्र तींच, परंतु पोटांतील धान्य तेवढेंच नव्हे. एका गांवची पायली शेजारच्या बाजारांतील पायलीइतकी भरेल अशी खात्री नसे. मणाच्या पायल्या किती, हेंहि ठिकाणपरत्वें बदले. त्यांत माप सपाट कीं शिगेचें, धान्य हलक्या हातानें ओतलें कीं दाबून भरलें, हा घोळ वेगळाच. देतांना लहान व घेतांना मोठें माप, ही कुळांची आणि कर्जदारांची जुनी तक्रार याच घोळांतून उपजली. वजनांची स्थितीहि निराळी नव्हती. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. खुद्द मुंबईंत साधारण मालाची खंडी २० मणांची, म्हणजे ५६० पौंडांची, आणि कापसाची खंडी २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची होती. कापसाचे भाव आजहि याच खंडीवर, म्हणजे सुमारें ३५६ किलोग्रॅमवर, बोलले जातात.

हा गोंधळ मिटविण्यासाठीं सन १९३२ त मुंबई इलाख्यापुरता वजनामापांचा कायदा झाला. सन १९३९ त हिंदुस्थान सरकारनें १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण असें प्रमाण सर्व देशासाठीं बांधून दिलें. स्वातंत्र्यानंतर सन १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली. १९५७ च्या एप्रिलांत नवे पैसे चालू झाले, १९५८ च्या आक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारांत उतरला, आणि १९६२ च्या एप्रिलपासून इतर पद्धतींस मज्जाव झाला. सध्यांचा कायदा सन २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून अंमलांत आहे.

परंतु कायद्यानें किलोग्रॅम असें म्हटलें, म्हणून व्यापाऱ्याच्या पारड्यांतील लोखंडी तुकडा किलोग्रॅम होत नाहीं. तो कशाशीं ताडून पाहावयाचा, हा खरा प्रश्न होय. सन १८७५ च्या मे महिन्यांत सतरा राष्ट्रांनीं पॅरिस येथें करार करून समाईक प्रमाणें ठेवण्याचें ठरविलें. प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक ठोकळा तेथें मूळ किलोग्रॅम म्हणून राहिला, व त्याच्या प्रती राष्ट्रांस मिळाल्या. भारत सन १९५७ त या करारांत सामील झाला. आपली ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत आहे. या संस्थेचें उद्‌घाटन सन १९५० च्या जानेवारींत सरदार पटेल यांच्या हस्तें झालें. राष्ट्रीय प्रमाणावरून संदर्भ प्रमाणें, त्यांवरून दुय्यम प्रमाणें, त्यांवरून निरीक्षकाजवळचीं कार्यकारी प्रमाणें, आणि त्यांवरून दुकानांतील वजन, अशी ही उतरंड आहे. तिची एक पायरी ढळली कीं खालचें सारेंच ढळतें.

पुढें असें आढळलें कीं, मूळ ठोकळा व त्याच्या प्रती यांच्या वजनांत शंभर वर्षांत सुमारें पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडला. ज्याच्याशीं सर्व ताडावयाचें तोच बदलला, तर न्याय कोणाकडे मागावा ? म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे सृष्टीच्याच एका न बदलणाऱ्या राशीवर, बसविण्यांत आली. माप प्रथम सावकाराच्या कोठारांतून सरकारच्या हातीं गेलें, आणि आतां तें कोणाच्याच हातीं राहिलें नाहीं. या साऱ्या इतिहासाचें मर्म हेंच आहे.

याचा आपल्या खळ्याशीं संबंध काय ? आजचा विजेचा कांटा पृथ्वीच्या ओढीवर चालतो, आणि ही ओढ सर्वत्र सारखी नसते. दिल्लीस बरोबर लावलेला कांटा आपल्या किनाऱ्यावर जशाचा तसा आणला, तर क्विंटलमागें सुमारें पन्नास ग्रॅम कमी दाखवील. कांटा जेथें वापरावयाचा तेथेंच तपासणें इष्ट, तें याचसाठीं. विजेच्या कांट्याची तपासणी दरवर्षीं, तर वजनें व साधा तराजू यांची दर दोन वर्षांनीं व्हावी लागते.

जमिनीचेंहि तसेंच आहे. जुन्या मोजणीची शंकू सांखळी ३३ फुटांची व तिचे आणे सोळा. लांबीरुंदीस एकेक सांखळी घेतली कीं १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर व आर यांत असतें. आर हा बरोबर १०० चौरस मीटरांचा. गुंठा १०१·१७ चौरस मीटरांचा. बोलतांना दोन्ही एकच समजले जातात, परंतु दहा गुंठ्यांच्या जागीं दहा आर लिहिले गेले, तर सुमारें १२६ चौरस फूट जागा हातची जाते. पनवेलींत आजच्या भावानें ही हानि थोडी नव्हे.

पुढील काळांत मापांचें क्षेत्र वाढणार आहे. सांखळीची जागा उपग्रहांच्या संदेशावर चालणारीं मोजणीयंत्रें घेत आहेत. सरकारी खरेदींत भाताचा ओलावा शेंकडा १७ पर्यंतच चालतो. म्हणजे वजनाइतकेंच ओलावामापकाचें माप महत्त्वाचें. तो दोन अंश चुकला तर चांगलें भात परत घरीं न्यावें लागेल. यंत्र जितकें नाजूक, तितकी त्याची चूक डोळ्यांस कमी दिसते. पायलीची शीग तरी दिसत असे.

म्हणून शेतकरी बंधूंनीं एवढें करावें. कांट्यावर माल घालण्यापूर्वीं तो शून्यावर आहे कीं नाहीं तें पाहावें. त्यावरील शिक्क्याचें वर्ष व तिमाही वाचावी, आणि तपासणीचें प्रमाणपत्र दर्शनीं लावलेलें आहे काय तें विचारावें. शंका आल्यास शिक्क्याचें वीस किलोचें वजन ठेवून पाहावें, आणि फरक आढळल्यास वैधमापनशास्त्र निरीक्षकाकडे लेखी कळवावें. खरेदीखतांत क्षेत्र चौरस मीटरांत लिहवून घ्यावें. माप सृष्टीच्या नियमावर बसलें असलें, तरी तें आपल्या खळ्यापर्यंत पोंचतें तें विचारणाऱ्याच्या तोंडूनच.